ताटावरचं नाव

धाकट्या नातवाचं बारसं झालं, त्याच वर्षी कौतिकाबाईंचा लेक मिथुन अंधेरीत नव्या इमारतीच्या कामावर लिफ्टखाली सापडून गेला. मोबाईलवरच्या बातमीत त्याचं नाव होतं. साठीत अक्षरं शिकलेल्या कौतिकाबाई ती बातमी रोज बोट ठेवून वाचायच्या.

एके सकाळी ‘कंत्राटदाराची चूक’ हे शब्द गेले. मग ‘तीन ठार’चे ‘दोन ठार’ झाले. मिथुनचं नाव नव्हतं. बातमी बदलली, असं कुठेच लिहिलं नव्हतं.

“शीतल, बघ गं! मेल्यांनी माझ्या लेकाला खोडलं!”

सून पोराला भरवत होती. “कोणाला, आई?”

“मिथुनला! तुझ्या नवऱ्याला!”

“कोण मिथुन?”

कौतिकाबाईंनी फळीवरून लग्नातलं ताट ओढलं. भांडीवाल्याने त्यावर दोघांची नावं कोरली होती. आता शीतलचं तेवढं होतं. शेजारची जागा कोऱ्या ताटासारखी गुळगुळीत.

“खोडा, किती खोडता ते बघते!”

त्यांनी खिळा घेतला आणि एकेक अक्षर ओरडून म्हणत कोरायला लागल्या. तारखेपर्यंत पोचेतो पहिला ‘मि’ बुजत आला होता. दातओठ खात त्यांनी पुन्हा पहिल्यापासून खिळा रोवला.

मिथुन भाऊराव सरवदे. कामावर मेला. १२ मार्च २०२४.