चाळीस प्रकरणं

"बाबा, माउसवरचा हात काढा आधी!"

चिमीने तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे बाबांनी हात काढला. कॉम्प्युटर गळ्यापर्यंत भरला होता. 'जागा शिल्लक नाही' अशी पाटी दर दोन मिनिटांनी पडद्यावर यायची आणि बाबा ती दर वेळी मोठ्याने वाचून दाखवायचे.

"कळलं हो! त्यासाठीच तर रजा टाकून बसलेय."

आई गेल्यावर बाबांनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसायला लागले. तेव्हा चिमीनेच त्यांच्या मानगुटीवर बसून त्यांना पुस्तक लिहायला लावलं. पन्नास वर्षं लोकांची घड्याळं उघडलीत, ते सगळं लिहून काढा म्हणाली. चार वर्षं बाबा रोज नऊ ते अकरा दार लावून बसत होते. गल्लीत कोणी विचारलं, "घड्याळकाका, पुस्तक कुठवर आलं?" की म्हणायचे, "चाळीस प्रकरणं झाली." प्रकाशकही तिनेच शोधला. शनिवारी पुस्तक त्याच्याकडे पाठवायचं होतं आणि आज गुरुवार उजाडला तरी हा डबा जागचा हलत नव्हता.

"हे बघा, या तात्पुरत्या फाइली. काम करताना कॉम्प्युटर स्वतःसाठी बनवतो आणि मग आवरायला विसरतो."

"पुसल्या तर चालतं?"

"चालतं. आधी बाकी सगळं बंद करायचं, मग या फोल्डरमधल्या निवडायच्या आणि पुसायच्या. एखादी वापरात असली तर तो तसं सांगतो, ती सोडून द्यायची. बस."

"आणि एकदा पुसलं की परत येत नाही ना?"

"नाही येत."

तिने पाचशे फाइली निवडल्या. कॉम्प्युटर घुरघुरला, अडला, कसाबसा पुढे सरकला. बाबा खुर्ची ओढून तिच्या खांद्याशी आले.

"परत म्हणजे अजिबातच नाही?"

"अहो नाही! टोपलीसुद्धा रिकामी करणार आहे मी. किती वेळा तेच तेच विचाराल?"

"नाही, आपलं पक्कं माहीत असावं."

चिमीने कपाळावर हात मारला. या माणसाने उभ्या जन्मात कोणाच्या घड्याळाचा एक स्क्रू हरवला नाही, हे कौतुकाचंच; पण म्हणून एका कचऱ्यासाठी एवढी उलटतपासणी! तिने दात-ओठ खात पुढचा गठ्ठा पुसला, मग त्याच्या पुढचा. हळूहळू जागा मोकळी होत गेली. सगळ्यात खाली नुसते आकडे टाकलेल्या काही फाइली उरल्या होत्या.

"दाबू?" तिने मुद्दाम खवचटपणे विचारलं.

बाबा चष्मा पुसत होते. "तूच दाब बाई. मला त्यातलं काय कळतंय?"

तिने दाबलं. तेवढ्या फाइली क्षणात गेल्या आणि मोकळी जागा तसूभरही वाढली नाही.

"बघा! एवढ्या काढल्या तरी ढिम्म! काय मेलं नशीब आहे या डब्याचं." तिने टोपली रिकामी केली. "आता द्या तुमचं पुस्तक, पाठवून टाकते."

बाबांनी चष्मा डोळ्यावर चढवला. "ते त्यातच होतं."

"कशात?"

"तू आत्ता पुसलंस त्यात. तुझी आजी नाही का, दागिने पिठाच्या डब्यात ठेवायची? कचऱ्याच्या जागेत कोण बघतंय, म्हणून मीही तिथेच ठेवलं होतं."

चिमीला घेरीच यायची बाकी होती. ती ओरडली, रडली, आधी बाबांवर चिडली, मग स्वतःवर. चार वर्षं! आपल्याच हाताने! बाबांनी मात्र एका शब्दाने बोल लावला नाही. उलट तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "जाऊ दे गं. नव्हतं नशिबात. तू नको जिवाला लावून घेऊ."

त्यांच्या या चांगुलपणाने तर तिला जास्तच भडभडून आलं.

तिने कॉम्प्युटर तडक बंद केला, काखोटीला मारला आणि चौकातल्या दुरुस्तीवाल्याचं दुकान गाठलं. "उगाच कशाला त्या माणसाला त्रास?" असं वाटेत चार वेळा म्हणून बाबाही मागोमाग आले. आत मात्र आले नाहीत. बाहेरच्या बाकावर मनगटातल्या घड्याळाला चावी देत बसले.

"लगेच बंद केलात ते बरं केलंत, ताई," दुरुस्तीवाला म्हणाला. "पुसलं तरी त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ते आतच असतं. बऱ्याचदा परत मिळतं."

चिमीने घरातल्या सगळ्या देवांना हात जोडले. तासाभराने त्याने पडदा तिच्याकडे वळवला. एक ते चाळीस, सगळे आकडे ओळीने उभे होते.

"मिळालं!" ती जवळजवळ किंचाळली. "आहेत का शाबूत?"

"चाळीसच्या चाळीस शाबूत आहेत, ताई. एकही खराब नाही." तो मान खाजवायला लागला. "तुम्हीच बघा."

त्याने पहिली फाइल उघडली. तीत एकच ओळ होती: 'माझ्या वडिलांनी मला पहिलं घड्याळ उघडायला दिलं तेव्हा'. पुढे काही नव्हतं. तिने स्वतः दुसरी उघडली, तिसरी उघडली, मग थेट चाळिसावी.

"आकार बघा ना, शून्य," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "पहिली सोडली तर यात कधी काही लिहिलेलंच नाही."

चिमीने त्या पांढऱ्या पडद्यावरची नजर काढून बाहेर बघितलं. काचेपलीकडे बाबा अजूनही चावी देत होते. ते घड्याळ कधीच पूर्ण भरलं असणार.

"पुसून टाका," ती म्हणाली. "आणि या वेळी परत येणार नाहीत अशा पुसा."

ती बाहेर आली. बाबा बाकावरून उठले.

"मिळालं?"

"नाही, बाबा. काहीच मिळालं नाही."

बाबांनी तिच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं.

"पक्कं ना?"