सहाव्या मजल्यावरची झोळी

नगरपालिकेच्या उंच इमारतीत लग्नाची नोंद सहाव्या मजल्यावर होते. नंबराची वाट बघता बघता दुर्गा बाकावरच आईच्या, यमुनाबाईच्या, खांद्यावर कलंडली. नरोलीच्या सूतगिरणीतली शेवटची रात्रपाळी करून ती थेट इथं आली होती. नोंद झाली की दुपारच्या गाडीनं नवऱ्याबरोबर सुरतेला, कायमचीच. यमुनाबाईनं मान मागं टेकली, तर वर छतात एक रिकामा हूक. एसी बसला तेव्हा पंखा उतरवला असणार. तिनं हूक लगेच ओळखला. ही इमारत बांधली जात होती तेव्हा ती इथं घमेली वाहायची, आणि याच हुकाला लुगड्याची झोळी बांधायची. भिंती तेव्हा उठल्या नव्हत्या. दमणगंगेवरचा वारा आरपार जायचा आणि झोळीतली दुर्गा ढगात झोपल्यासारखी झोपायची. येता-जाता यमुनाबाई झोळीची दोरी ओढायची. मुकादम खेकसायचा, "यमुने, माल आण!" ती म्हणायची, "थांबा जरा. आत्ताच डोळा लागलाय." एसीची घरघर चालू होती. हळूहळू यमुनाबाईला काचा दिसेनाशा झाल्या, मग भिंतीही. केसांना वारा लागला. मांडीवरची मूठ आपोआप मागंपुढं होऊ लागली. "चालो, दुर्गाबेन, ललितभाई!" नोंदणीच्या खिडकीतून कारकुनाची हाक आली. जावई ललित लगबगीनं आला. "आई, उठवा तिला. नंबर गेला तर गाडी चुकेल." यमुनाबाईनं त्याच्याकडं बघितलंच नाही. हातात नसलेली दोरी हलकेच ओढत ती म्हणाली, "थांबा जरा. आत्ताच डोळा लागलाय."