एमिलचं अस्वल

अमेरिकेत आमच्या डुलुथला हॅलोविनच्या दिवशी बर्फ ठरलेलाच, म्हणून आम्ही मुलांचे पोशाख दोन मापं मोठेच घेतो. आत जाडजूड कोट मावायला हवा. यंदा माझा पाच वर्षांचा एमिल अस्वल झाला होता. त्याच्या बाबाने त्याला तयार केलं, तेव्हा तो इतका फुगला होता की हात अंगाला लागत नव्हते.

"अस्वल आहेस की उशी?" त्याची ताई सिग्नी घरोघरी त्याला चिडवत होती.

पिशव्या चॉकलेटांनी भरून आम्ही घरी परतलो.

"आई, ह्याचा कोट तर इथेच आहे," सिग्नी म्हणाली.

खुंटीवर निळा कोट होता. कोरडा ठणठणीत.

मी घाईघाईने अस्वलाची चेन खाली ओढली. एमिल आत नुसत्या बनियनवर होता. अंग मात्र ऊबदार.

"अरे, थंडी नाही वाजली तुला?"

"नाही गं. त्याने मला घट्ट धरलं होतं ना."

एवढं बोलून तो पोशाखातून बाहेर पडला आणि पिशवीकडे पळाला.

पोशाख खाली पडला नाही. तसाच फुगलेला, माझ्यासमोर उभा राहिला.

चेनचं टोक अजून माझ्या चिमटीत होतं. ते हळूहळू वर सरकू लागलं.