करवत सुरू करण्याआधी

काकांच्या छोट्याशा सुतारखान्यात करवतीचं मशीन सुरू करायची एक रीत होती. बटणावर बोट ठेवून काका ओरडायचे, "हात?" तिन्ही कारागीर एकामागून एक ओरडायचे, "बाजूला!" एकाचा जरी आवाज आला नाही, तरी काका बटण दाबायचे नाहीत.

मग थोरला कारागीर मोठ्या कंपनीत लागला. तिथे मशीन काचेआड, हिरवा दिवा लागला की आपसूक सुरू. पहिल्या दिवशी सवयीने तो "बाजूला!" ओरडला, तेव्हा सगळे खो खो हसले. पण नोकरी झकास होती. शब्द टाकून त्याने मागे राहिलेल्या दोघांनाही तिकडेच ओढलं.

बऱ्याच महिन्यांनी तो काकांना भेटायला आला. दाराकडे पाठ करून ते मशीनपाशी एकटेच उभे होते.

"हात?" रिकाम्या सुतारखान्यात ते ओरडले, आणि थांबले.

उंबरठ्यावरूनच तो ओरडला, "बाजूला!"

काकांनी वळून पाहिलं नाही. बोट बटणावर तसंच राहिलं.

"एकाचाच आवाज आला रे," ते म्हणाले. "बाकीचे दोघं कुठायत?"