कोळंबीच्या सालांचा पापुद्रा

आई गेल्यावर महिन्याभराने तिच्या प्रयोगशाळेतल्या समिधाताई मीरा रोडच्या आमच्या घरी आल्या. कोळंबीच्या सालांपासून आईने बनवलेला शेवटचा पापुद्रा त्यांना न्यायचा होता. मला तो द्यायचा नव्हता.

“मॅडम सालं वाळत घालायच्या तेव्हा सोसायटीवाले भांडायला यायचे ना?” ताईंनी विचारलं.

“मांजरंही यायची,” मी म्हणाले.

काचेच्या बशीतल्या पारदर्शक पापुद्र्याची कड हळूच वर वळली, मग खाली बसली. पुन्हा वळली.

“दमट हवेने वळतो गं तो. पंखा बंद कर.”

मी पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. आमच्या श्वासाची वाफ लागू नये म्हणून आम्ही दूर भिंतीपाशी उभ्या राहिलो. कड उठतच होती, बसतच होती, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

ताईंनी आणलेला डबा पिशवीत परत ठेवला. “राहू दे तुझ्याकडेच,” म्हणाल्या आणि चहा न घेता गेल्या.

मी बशीसमोर बसले. दोन उठण्यांमधलं अंतर वाढू लागलं. शेवटच्या दुपारी आईच्या श्वासांमधलं असंच वाढलं होतं.

मग पापुद्रा सपाट पडून राहिला. मी मोजू लागले. हॉस्पिटलात तेवीस मोजून मी नर्सला बोलावलं होतं आणि तिने आईचा ऑक्सिजनचा मास्क काढला होता.

चोविसाव्या आकड्याला कड उचलली गेली.