मेंढ्यांचे ठिपके

सात नंबरचा मेंढा दुसऱ्या कुणाबरोबर मेंढवाड्याबाहेर आलाच नसता, म्हणून वसीलाच त्याला घेऊन आली. दोरीसुद्धा लागली नाही. कोकरू असल्यापासून तो तिच्या हातचा. तिच्या कोपराला नाक घासत शहाण्या बाळासारखा चालत आला.

उस्ताद लख्दर बाह्या सरसावून तयारच होते. जेल्फाच्या माळावर वाढलेला माणूस. विद्यापीठात प्रोफेसर झाले तरी ईदचा मेंढा ते स्वतःच कापत. त्यांनी सात नंबरला आडवा पाडला, गुडघ्याखाली दाबला आणि वसीलाला म्हणाले, "पोरी, तो पडदा काढ."

मेंढवाडा आणि कापायची जागा यांच्यामध्ये ताडपत्री टांगलेली होती.

"उस्ताद, पलीकडे बाकीचे आहेत."

"म्हणून तर काढ म्हणतोय. त्यांनी पाहिलं नाही तर ताण येणार कुठून? आणि ताणच आला नाही तर तुझा कॅमेरा काय मोजणार? माझं टक्कल?"

"एका जनावरादेखत दुसरं कापायचं नसतं. ईदला तर तुम्ही सुरीसुद्धा बाहीत लपवून नेता."

"ती ईद. हे विज्ञान. प्रबंधावर माझी सही हवीय ना तुला?"

वसीला हलली नाही. मग त्यांनीच हात लांबवून ताडपत्री फर्रकन ओढली. 'बिस्मिल्लाह' म्हणायला मात्र विसरले नाहीत. देव जसा काही फक्त ऐकतो, बघत नाही!

तिनं मान फिरवली, तर समोर पडदा संगणकाचा. खांबावरचा कॅमेरा इमानेइतबारे काम करत होता. प्रत्येक मेंढ्याचा एक ठिपका, ठिपक्यामागे तो फिरेल तशी रेघ. सात नंबरचा ठिपका एकाच जागी थडथडत होता, गिचमिड रेघा मारत होता. यंत्रानं खाली नोंद केली, 'हालचाल: भरपूर'. वसीलाला शिसारी आली. हालचाल मोजायला त्या यंत्राला तिनंच शिकवलं होतं.

आतले ठिपके लांबच्या भिंतीशी जाऊन एकावर एक चढले होते. एकही मेंढा ओरडत नव्हता.

"झकास!" उस्तादांनी सुरी मेल्या मेंढ्याच्याच लोकरीला पुसली आणि ते संगणकापाशी आले. "जा, आता दुसरा आण."

ती आत गेली. रोज तिच्या अंगावर झेपावणारे मेंढे तिला पाहताच भिंतीला घासत दुसऱ्या कोपऱ्यात पळाले.

"माशाल्ला!" उस्ताद जवळजवळ नाचलेच. "अगं, माझ्याहून तुलाच जास्त भ्यायलेत! सुरी माझ्या हातात, आणि पळतायत तुझ्यापासून! असं आजवर कुणाला मिळालेलं नाही. थांबू नकोस पोरी, डावीकडून जा. प्रबंध झाला म्हणून समज!"

त्यांचं रक्ताचं बोट काचेवर ठिपक्यांमागून फिरत होतं. वसीलाला त्या बोटाची किळस आली होतीच; पण स्वतःची जास्त. केसानं गळा कापला होता तो तिनं.

ती डावीकडून गेली. मेंढे उजवीकडे पळाले. ती चालत राहिली, थेट मागच्या फाटकापर्यंत, आणि तिनं अडसर काढला.

"ए, काय करतेस? लाव ते फाटक! सही विसरायची मग!"

"विसरले," वसीला म्हणाली.

तिनं फाटक सताड उघडलं. पलीकडे दिसेल तिथवर माळ मोकळा होता, हिरवा होता.

"जा," ती मेंढ्यांना म्हणाली. "जा ना रे, बाबांनो."

एकही मेंढा कोपऱ्यातून हलला नाही. फाटकात वसीला उभी होती.