एका फेरीत एकदाच

नीलने दुसरा वार केला आणि अनिशने आपला बुरूज उचलून बाजूला ठेवला.

"थांब," नील म्हणाला. "पहारेकरी... उभा आहे की तुझा."

अनिशने समोरच्या पानांकडे पाहिलं. पहारेकरी खरंच उभा होता, ढाल-बिल घेऊन, भलत्याच रुबाबात. मग अनिशने प्राचीकडे पाहिलं. प्राची एकदम चिवड्यातले शेंगदाणे वेचण्यात गर्क झाली.

"अरे हो. विसरलो," असं म्हणत अनिश बुरूज परत जागेवर ठेवायला लागला.

"तू? विसरलास?"

थाप अगदीच लंगडी होती. पहारेकरी हे तटबंदी हा पत्त्यांचा नि बुरुजांचा खेळ खेळणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं पान. ते समोर असलं की एका फेरीतले दोन वार अडवतं. निदान दिवाळीपर्यंत तरी अडवत होतं. दिवाळीनंतर खेळाचं नवीन एक्सपान्शन, म्हणजे पुरवणी संच, आलं, नवी पानं आली आणि त्यांच्याबरोबर नवा नियमही आला: पहारेकरी एका फेरीत एकदाच अडवणार. सगळीकडे लोक तसंच खेळायला लागले. फक्त दादरच्या या दुसऱ्या मजल्यावर, नीलच्या घरी, रविवार संध्याकाळचा डाव जुन्याच नियमाने चालला होता. नीलला नवा नियम कुणी सांगितलाच नव्हता, आणि त्याचा सगळा डाव तर पहारेकऱ्याच्याच भरवशावर असायचा.

हे नीलच्या आईने, सुनेत्राकाकूंनी ठरवलं होतं. डोक्याच्या ऑपरेशननंतर नील बोलताना शब्दासाठी अडायचा. फोनकडे बघायला डॉक्टरांनी मनाई केली होती. आठवड्यातून एकदा हे दोघं मित्र यायचे, तेवढाच त्याचा विरंगुळा. "आधीच काय कमी बदललंय रे त्याचं? जिंकू दे ना त्याला," काकूंनी दोघांना जिन्यातच गाठून सांगितलं होतं. त्यांना नाही म्हणायची छाती कुणाची? अनिश आणि प्राची दर रविवारी मुकाट्याने हरत राहिले. पण काल अनिश परळच्या स्पर्धेत दिवसभर नव्या नियमाने खेळला होता. आज दुसरा वार आला आणि त्याचा हात त्याला न विचारताच बुरूज उचलून मोकळा झाला.

नील त्या बुरुजाकडे बघत राहिला. शब्द उशिरा येत असले तरी डाव त्याला पूर्वीइतकाच लख्ख दिसत होता.

"नियम बदलला?"

शेवटी प्राचीनेच तोंड उघडलं. "हो. दिवाळीनंतर. पहारेकरी आता एकदाच अडवतो."

"आणि मी... दोनदा."

"हो."

"म्हणजे मी जिंकलो, ते सगळं..." त्याने हवेत बोटांनी काहीतरी पुसल्यासारखं केलं. मग त्याला हवा तो शब्द सापडला. सापडला नसता तर बरं झालं असतं, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "लिंबूटिंबू."

अनिशचे कान तापले. गच्चीवरच्या लपाछपीत असा एकजण असायचाच. त्याला खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य येत नाही आणि तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत. ही गोष्ट तो सोडून सगळ्यांना माहीत असते.

"तसं नाही रे, नील..."

"घरात सगळे सांभाळतात मला." नील एकेक शब्द पारखून घेत होता. "बटणं लावून देतात. भात कालवून देतात. ठीक आहे. पण तुम्ही... तुम्ही मला हरवायला यायचात ना?"

प्राचीला रडू येत होतं आणि स्वतःचा रागही येत होता. तिने ताटली बाजूला सारली.

"पिस," नील अनिशला म्हणाला. "पहिल्यापासून. नव्या नियमाने."

डाव लांबला. नील जपून खेळला. मध्ये एकदा तर त्याने अनिशला असं कोंडीत पकडलं की प्राचीच्या तोंडून शिट्टीच निघाली. पण हाताची सवय इतक्यात थोडीच जाणार? त्याच्या शेवटच्या बुरुजावर अनिशचा दुसरा वार आला आणि नीलचा हात पहारेकऱ्याकडे गेला.

"नाही चालणार," अनिश म्हणाला. "एकदा अडवलंयस."

नीलचा हात थांबला. मग त्याने बुरूज उचलला आणि अनिशच्या पुढ्यात ठेवला.

तेवढ्यात सुनेत्राकाकू चहा घेऊन बाहेर आल्या. "काय, जिंकला ना आमचा नील?"

"हरलो!" नील म्हणाला. शाळेत पहिला नंबर आल्याचं सांगावं, तसं म्हणाला.

काकूंनी अनिशकडे असं काही पाहिलं, की कपाकडे गेलेला हात त्याने मागे घेतला. त्या बोलणारच होत्या, पण त्यांचं नीलकडे लक्ष गेलं. हा हसरा नील त्यांना ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा दिसत होता. त्यांनी ट्रे खाली ठेवला आणि त्याच्यासमोर सतरंजीवर बसल्या.

"असा कसा हरलास?"

"नियम बदललाय, आई. थांब, मी सांगतो. पहारेकरी आता... एका फेरीत..."

तो अडला. अनिश खाली मान घालून बसला. इतके महिने नील अडला की पुढचा शब्द काकूच पुरवायच्या, त्याने अर्धं तोंड उघडायच्या आत. नवा नियम त्यांना पाठ होता. शब्द अगदी जिभेवर आला होता. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, पदराचं टोक मुठीत धरलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत वाट पाहत बसल्या.